नॉर्थ डकोटातल्या शेतकरी घराण्याचा इतिहास: आधी जमीन शोधा, माणसं मागून येतात

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या प्रेअरीवरच्या, म्हणजे गवताळ माळावरच्या, एखाद्या घराण्याचा माग काढायला बसलं की हात आपोआप नावाकडे जातो. संगणकावर 'ओले जॉन्सन' टाकायचं, राज्य म्हणून नॉर्थ डकोटा निवडायचं. पुढ्यात इतके ओले जॉन्सन येतात की तासाभरात नाद सोडावासा वाटतो. म्हणून क्रम उलटा ठेवा. तिथल्या माणसांनी आडनावं बदलली, कारकुनांनी स्पेलिंगं बिघडवली, पोस्ट ऑफिसं बंद पडली, काउंट्यांचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांचे, तुकडे झाले. जमिनीचं सरकारी वर्णन मात्र पहिल्या मोजणीत जे ठरलं, तेच आजही चालतं. ते एकदा हाती आलं की बाकीचे कागद त्याच्या मागे येतात.

ही पद्धत मुख्यतः नॉर्थ डकोटासाठी आहे. साउथ डकोटाला ती बहुतांश तशीच लागू पडते. कॅनडात काही गोष्टी उलट आहेत, त्या पुढे येतील. तिकडच्या घरात लग्न झालेल्या मराठी माणसाला सासरच्या मंडळींना द्यायला याहून चांगली भेट सुचणं कठीण आहे, पण त्यासाठी एक गोष्ट सुरुवातीलाच मनातून काढून टाकावी लागते: तिथे सातबारा नाही. मालक कोण, पीक काय, बोजा किती, हे एका उताऱ्यावर दाखवायची सोय अमेरिकेत नाही. मालकी म्हणजे एकामागून एक नोंदवलेल्या दस्तांची साखळी. ती आपणच जुळवायची असते.

घरातलं कपाट आधी

अभिलेखागाराला पत्र लिहिण्याआधी घरातल्या थोरल्यांना एकच प्रश्न विचारा: जमिनीचा 'ॲब्स्ट्रॅक्ट' कुठे आहे? ॲब्स्ट्रॅक्ट ऑफ टायटल म्हणजे सरकारने जमीन पहिल्यांदा कोणाला दिली तिथपासून शेवटच्या खरेदीखतापर्यंत प्रत्येक दस्ताचा गोषवारा एका बाडात. लांबट कागदांची ही चळत बँकेच्या लॉकरमध्ये, वकिलाकडे किंवा जेवणघरातल्या कपाटाच्या तळाशी सापडते. ती मिळाली तर निम्मं काम झालं. गहाणखतं, वारसांची नावं, कोर्टाचे आदेश, जप्ती, सगळं तारखांसह त्यात असतं. नुसता फोटो काढून थांबू नका. प्रत्येक नोंदीचा पुस्तक क्रमांक आणि पान क्रमांक उतरवून घ्या, काउंटीच्या कचेरीत मूळ दस्त त्यावरूनच मिळतो.

ॲब्स्ट्रॅक्ट नसेल तर मालमत्ता कराची पावती चालते, तिच्यावर जमिनीचं वर्णन छापलेलं असतं. तीही नसेल तर मृत्युलेख, स्मशानातली जागा आणि जुना काउंटी नकाशा यांवरून अंदाज बांधायचा. 'गावाच्या ईशान्येला ९ मैल' एवढा सुगावासुद्धा नकाशावर पाच-सहा सेक्शनांपर्यंत, म्हणजे मैलभराच्या चौकोनांपर्यंत, आणून सोडतो.

'एसई १/४, १४-१३१-७२' कसं वाचायचं

तीन आकड्यांचा क्रम सेक्शन, टाउनशिप, रेंज असा असतो. टाउनशिप म्हणजे ६ मैल लांब, ६ मैल रुंद चौकोन. १३१ म्हणजे आधाररेषेपासून उत्तरेकडे १३१ वी ओळ. नॉर्थ डकोटाची मोजणी पाचव्या मुख्य मध्यान्हरेषेवरून झाली आणि तिची आधाररेषा पार दक्षिणेला आर्कान्सात आहे, म्हणून आकडे एवढे मोठे. ७२ म्हणजे त्या मध्यान्हरेषेच्या पश्चिमेला ७२ वी रांग.

एका टाउनशिपमध्ये ३६ सेक्शन. प्रत्येक सेक्शन एक मैल चौरस, ६४० एकरांचा. मोजणी ईशान्येच्या कोपऱ्यातून सुरू होते: १ ते ६ पूर्वेकडून पश्चिमेकडे, ६ च्या खाली ७, मग ७ ते १२ पश्चिमेकडून पूर्वेकडे, अशी नांगरटीच्या तासांसारखी वळत वळत आग्नेय कोपऱ्यात ३६ वर संपते. तेव्हा सेक्शन १४ वरून तिसऱ्या ओळीत, पूर्वेकडून दुसरा. त्याचा आग्नेय पाव म्हणजे 'एसई १/४', १६० एकर. होमस्टेडची, म्हणजे राहून कसण्याच्या अटीवर सरकारकडून मिळणारी, नेहमीची जमीन एवढीच.

चुका इथे होतात. पहिली म्हणजे वर्णन समोरून वाचणं. ते मागून वाचायचं असतं. 'एन १/२ एसई १/४' म्हणजे आग्नेय पावाचा उत्तरेकडचा अर्धा भाग, ८० एकर. पण मधे स्वल्पविराम आला, 'एन १/२, एसई १/४' असं असलं, तर सेक्शनचा उत्तरेकडचा अर्धा भाग ३२० एकर आणि शिवाय आग्नेय पाव १६० एकर, एकूण ४८०. जुन्या हस्ताक्षरातला स्वल्पविराम भिंगाने पाहा आणि शेजारी लिहिलेल्या एकरांशी ताडून घ्या.

दुसरी चूक 'लॉट' या शब्दाची. पृथ्वी गोल, चौकोन सरळ. मोजणीतला फरक टाउनशिपच्या उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनांत ढकलला जाई. म्हणून १ ते ६ या सेक्शनांत उत्तरेला आणि ६, ७, १८, १९, ३०, ३१ मध्ये पश्चिमेला क्रमांक दिलेले लॉट दिसतात. तलावाकाठीही ते असतात. तिथे होमस्टेड १६० ऐवजी १५७ किंवा १६२ एकरांचं निघालं तर जमीन कोणी बळकावली असं समजू नका.

तिसरी चूक नावांची. मोजणीची टाउनशिप वेगळी आणि कारभाराची, नाव असलेली टाउनशिप वेगळी. दोन्हींच्या सीमा बऱ्याचदा जुळतात, पण दर वेळी नाही. तुमच्या टिपणात आकडे ठेवा, नाव कंसात ठेवा.

पेटंट: पहिली सनद

सरकारने जमीन पहिल्यांदा खासगी माणसाच्या नावे केल्याचा कागद म्हणजे पेटंट. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्स या संकेतस्थळावर ती फुकट पाहता येतात. शोधताना नावाची चौकट रिकामी ठेवा. राज्य, टाउनशिप, रेंज आणि सेक्शन एवढंच भरा. त्या सेक्शनातले सगळे पेटंटधारक एकदम समोर येतील. शेजारच्या आठ सेक्शनांसाठीही हेच करा. मेहुणे, भाऊ, मूळ गावचे लोक, सगळे बहुधा याच परिघात निघतात.

पेटंटवर कोणत्या कायद्याखाली जमीन मिळाली ते लिहिलेलं असतं, तिकडे दुर्लक्ष करू नका. २० मे १८६२ चा कायदा असेल तर होमस्टेड: २१ वर्षं पूर्ण किंवा कुटुंबप्रमुख, नागरिक किंवा नागरिक होण्याचा इरादा नोंदवलेला, ५ वर्षं वस्ती आणि कसवणूक. १९१२ मध्ये ही मुदत ३ वर्षांवर आली. 'टिंबर कल्चर' असेल तर १८७३ चा कायदा: राहण्याची अट नाही, झाडं लावायची. सुरुवातीला ४० एकर, १८७८ पासून १० एकर. कोरड्या प्रेअरीवर ही झाडं जगवणं अवघड, त्यामुळे अशा अनेक दाव्यांचं पुढे काही झालं नाही आणि १८९१ मध्ये कायदाच रद्द झाला.

'कॅश एंट्री' दिसली की लोक म्हणतात, आमच्याकडे पैसे होते, आम्ही जमीन विकत घेतली. थांबा. होमस्टेड घेतलेला माणूस ५ वर्षं न थांबता थोडे महिने राहून एकरी सव्वा डॉलर भरून जमीन नावावर करून घेऊ शके. आधी ही मुदत ६ महिन्यांची होती, १८९१ पासून १४ महिन्यांची. अशा रूपांतरित होमस्टेडचं पेटंटही कॅश एंट्री म्हणूनच निघे. त्यामागे संपूर्ण होमस्टेड फाइल असू शकते, तेव्हा ती मागवाच.

सेक्शनचा आकडाही बोलतो. १६ आणि ३६ शाळांसाठी राखलेले. तिथे होमस्टेडचं पेटंट सहसा मिळणार नाही. १८८९ मध्ये राज्य झाल्यावर ही जमीन राज्याने एकरी किमान १० डॉलर दराने विकली. विषम सेक्शन आणि शेत नॉर्दर्न पॅसिफिकच्या रुळांपासून ४० मैलांच्या आत असेल तर जमीन आधी रेल्वेला मिळालेली असण्याची शक्यता मोठी. पेटंट रेल्वेच्या नावे, आणि शेतकऱ्याने कंपनीकडून घेतल्याचा दस्त काउंटीत. नॉर्दर्न पॅसिफिकची जुनी दप्तरं सेंट पॉलला मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहेत.

पेटंटची तारीख म्हणजे कुटुंब आल्याची तारीख नव्हे. घराण्यांच्या लिखाणात सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच. दावा नोंदवल्यावर ५ वर्षांनी, पण ७ वर्षांच्या आत अंतिम पुरावा द्यायचा, आणि त्यानंतर वॉशिंग्टनहून पेटंट यायला वर्ष-दोन वर्षं. १८९० चं पेटंट असेल तर वस्ती १८८३ च्या सुमाराची धरून शोध सुरू करा.

ज्यांना पेटंट मिळालंच नाही ते या संकेतस्थळावर नसतात. दावे सोडून गेलेले, हरलेले, वारलेले खूप होते. त्यांच्यासाठी 'ट्रॅक्ट बुक्स' पाहायची. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर त्यांच्या प्रतिमा आहेत. एका पावापुढे तीन-तीन नावं, त्यांतली दोन खोडलेली आणि शेजारी 'रद्द' अशी तारीख, हे सर्रास दिसतं. दावा सोडण्याचा कागद म्हणजे रिलिंक्विशमेंट, आणि तो पैसे घेऊन दुसऱ्याला मिळेल अशा बेताने सोडला जाई. 'आजोबांनी पहिल्यांदा नांगर घातला' ही घरची आठवण इथे बऱ्याचदा डगमगते. आधीच्या माणसाने १० एकर माळ नांगरून मोडून ठेवलेला असतो.

फाइल मागवा, आणि ती सावकाश वाचा

या सगळ्या कामात एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर लँड एंट्री केस फाइलवर करा. ती वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, रेकॉर्ड ग्रुप ४९ मध्ये असते. मागणी ऑनलाइन करता येते. राज्य, लँड ऑफिस, अंतिम प्रमाणपत्राचा क्रमांक आणि जमिनीचं वर्णन हवं. हे पेटंटवर मिळतं. लँड ऑफिस फार्गो, ग्रँड फोर्क्स, बिस्मार्क, डेव्हिल्स लेक, मायनॉट यांपैकी कोणतं ते नीट पाहा, कारण १ जुलै १९०८ च्या आधीच्या फाइली ऑफिसनिहाय लावलेल्या आहेत आणि तोच क्रमांक प्रत्येक ऑफिसात असू शकतो. त्यानंतरच्या फाइलींना एकच सलग पेटंट क्रमांक आहे, तिथे हा गोंधळ नाही.

फाइलीतला जीव 'अंतिम पुराव्या'त असतो. दावेदाराची आणि दोन साक्षीदार शेजाऱ्यांची छापील प्रश्नांना दिलेली उत्तरं. घर कधी बांधलं? राहायला कधी आलात? घरात कोण कोण? जमीन सोडून किती काळ बाहेर होता आणि कशासाठी? किती एकर मोडली, किती हंगाम पेरली, काय पिकलं? उत्तरं दोन-दोन शब्दांची असतात, पण त्यांत सगळं येतं: गवताळ मातीच्या ठोकळ्यांचं १४ बाय १८ फुटी घर, गोठा, विहीर, ३५ एकर नांगरटीखाली. 'हिवाळ्यात मजुरीला गेलो होतो' असं दिसलं तर त्या वर्षीच्या खानेसुमारीत हा माणूस शेतावर का नाही, याचा उलगडा तिथेच होतो.

तिन्ही जबान्या शेजारी ठेवून वाचा. साक्षीदार एकमेकांसाठी आळीपाळीने शपथ घेत, त्यामुळे मोडलेल्या एकरांचा आकडा थोडा फुगवलेला असणं नवलाचं नाही. पण साक्षीदारांची नावं सोन्यासारखी. ते कोण होते ते शोधलं की निम्म्या वेळा नातं निघतं.

दावेदार परदेशात जन्मलेला असेल तर फाइलीत नागरिकत्वाच्या कागदाची प्रत असते. २७ सप्टेंबर १९०६ च्या आधी हे कागद कोणत्याही कोर्टात होत आणि त्यांत जन्मगाव क्वचितच असे, नुसतं 'नॉर्वेच्या राजाशी निष्ठा सोडली' एवढंच. त्यानंतरच्या छापील अर्जांत जन्मतारीख, जन्मगाव, जहाज सगळं मिळतं. नंतरचा अर्ज असेल तर आधी तो मिळवा.

अविवाहित स्त्रिया, विधवा आणि घटस्फोटिता यांना स्वतःच्या नावाने होमस्टेड घेता येई. घराण्याची 'आणखी एक पाव' जमीन कुठून आली हे कळत नसेल तर आजीच्या माहेरच्या नावाने शोधा. दोन शेजारच्या पावांवर भाऊ-बहिणीने दावे करणं ही नेहमीची गोष्ट होती. लग्नानंतर निघालेल्या पेटंटवर कधी माहेरचं, कधी सासरचं, कधी दोन्ही नावं असतात.

काउंटीच्या कचेरीत

पेटंटनंतरचे दस्त काउंटी रेकॉर्डरकडे. जुन्या कागदांत याच पदाला रजिस्टर ऑफ डीड्स म्हटलेलं आहे. 'ट्रॅक्ट इंडेक्स' मागा. त्यात सेक्शननिहाय सगळ्या दस्तांची यादी असते, खरेदी-विक्रीच्या नावांनी लावलेल्या सूचीपेक्षा ती कितीतरी सोयीची. वॉरंटी डीड म्हणजे आपलं खरेदीखत, क्विट क्लेम डीड म्हणजे जवळपास हक्कसोडपत्र. भावंडांनी एका भावाच्या नावे क्विट क्लेम दिलेली पाच-सहा खतं एकाच दिवशीची दिसली की वडील वारल्यानंतरची वाटणी समजा, आणि कोर्टातला प्रोबेटचा, म्हणजे मृताच्या मालमत्तेचा, खटला शोधा. त्यातली जंगम मालाची यादी बियाण्यापासून शिवणयंत्रापर्यंत असते.

गहाणखतं टाळू नका. कर्ज दिसलं की ते घराण्याला कमीपणा आणणारं म्हणून वगळणारे बरेच भेटतात, पण कोणत्या वर्षी किती उचललं हाच शेताचा खरा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात गव्हाला चांगला भाव मिळाला, लोकांनी जमिनी वाढवल्या, १९२० नंतर भाव कोसळला आणि कर्ज तसंच राहिलं. सेंट पॉलची फेडरल लँड बँक किंवा १९१९ मध्ये स्थापन झालेली राज्याची बँक ऑफ नॉर्थ डकोटा यांची नावं दस्तांत दिसू लागतात ती याच काळात. मग १९३० च्या दशकात शेरीफ्स सर्टिफिकेट, शेरीफ्स डीड, टॅक्स डीड, म्हणजे जप्तीत किंवा थकलेल्या करापोटी जमीन गेल्याचे कागद. १९३३ मध्ये गव्हर्नर विल्यम लँगर यांनी जप्तीवर स्थगिती आणली. जप्तीची कारवाई सुरू होऊन अर्ध्यात थांबलेली दिसली तर तो आदेश लक्षात ठेवा. जप्तीनंतर कुटुंब त्याच जमिनीवर खंडाने राहिलं, असंही दिसतं. मालकी गेली म्हणजे माणसं गेली असं नसतं.

चॅटल मॉर्गेज, म्हणजे जनावरं-अवजारांवरचं तारण, जिथे जपलं गेलं आहे तिथे जरूर पाहा. घोड्यांची नोंद नाव, रंग, वय आणि वजनासह केलेली असते. शेतावर नक्की किती बळ होतं हे इतकं नेमकं सांगणारा दुसरा कागद विरळा.

दस्त कोणत्या काउंटीत शोधायचा, हेही वर्षावर अवलंबून आहे. आज राज्यात ५३ काउंट्या आहेत, पण त्यांतल्या कित्येक विसाव्या शतकात पडल्या. पश्चिमेकडची प्रचंड वॉर्ड काउंटी फुटून १९०९ मध्ये माउंट्रेल आणि १९१० मध्ये बर्क व रेनव्हिल झाल्या. आज माउंट्रेलमध्ये असलेल्या शेताचा १९०५ चा दस्त मायनॉटला, वॉर्डच्या कचेरीत नोंदवलेला असणार. त्याची नक्कल नव्या काउंटीत उतरवली असेलही, पण नकलेत आकडे चुकतात. शंका आली तर मूळ पुस्तक पाहा.

प्लॅट बुक म्हणजे प्रत्येक पावावर मालकाचं नाव छापलेला नकाशा. उत्तम साधन, फक्त दोन मर्यादा ध्यानात ठेवा: खंडकरी त्यात दिसत नाहीत, आणि छपाईच्या वर्षापर्यंत काही मालक बदललेले असतात.

खानेसुमारी आणि वर्तमानपत्रं

१८९० ची राष्ट्रीय खानेसुमारी १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ उरली नाही, आणि डकोटाच्या वसाहतीचा ऐन बहर त्याच दशकातला. हे खिंडार भरायला १८८५ ची डकोटा टेरिटरीची खानेसुमारी, अलीकडे १९०० ची राष्ट्रीय आणि पुढे १९१५ व १९२५ ची राज्याची. १९०० च्या तक्त्यात अमेरिकेत आल्याचं वर्ष आणि घर स्वतःचं की भाड्याचं, गहाण की मोकळं, हे रकाने आहेत. १८८० चं शेतीचं वेगळं परिशिष्ट मिळालं तर कोंबड्या-अंड्यांपर्यंत हिशोब मिळेल. १९०० आणि १९१० ची शेतीची परिशिष्टं सरकारने नष्ट केली, ती शोधत बसू नका. १९१० आणि १९२० मध्ये मातृभाषेचा रकाना आहे. जन्मदेश 'रशिया' आणि भाषा 'जर्मन' असं दिसलं की शोधाची दिशाच बदलते.

अंतिम पुराव्याआधी दावेदाराला जवळच्या वर्तमानपत्रात सलग काही आठवडे जाहिरात द्यावी लागे. तिच्यात जमिनीचं वर्णन आणि चार संभाव्य साक्षीदारांची नावं असत. प्रत्यक्ष साक्ष दोघांचीच होई, म्हणून इथे दोन नावं जादा मिळतात. अशा जाहिरातींच्या पैशांवर चालणारी पत्रं गावोगाव होती. बिस्मार्कच्या राज्य अभिलेखागारात त्यांच्या मायक्रोफिल्म आहेत, काही ऑनलाइनही आहेत. गावांचे ५०, ७५ आणि १०० वर्षांचे जुबिली ग्रंथ जरूर चाळा, पण त्यांतला मजकूर घरच्यांनी आठवणीतून दिलेला असतो. फोटो घ्या, तारखा पडताळा. १९३० च्या दशकात सरकारी कामाच्या योजनेतून जुन्या वसाहतकारांच्या घेतलेल्या मुलाखतीही बिस्मार्कलाच आहेत. त्या थोड्या अधिक भरवशाच्या, कारण प्रश्न ठरलेले होते.

समुद्रापलीकडे

नॉर्वेजियन घराण्यात तिघा भावांची तीन आडनावं निघाली तर दचकू नका. एकाने वडिलांच्या नावावरून 'जॉन्सन' घेतलं, दुसऱ्याने मूळ शेताचं नाव, तिसऱ्याने शेवटी जिथे मजुरी केली त्या शेताचं. शेताचं नाव हा पत्ता होता, माणूस शेत बदले तसं तेही बदले. चर्चच्या नोंदीत जन्माची पॅरिश, म्हणजे चर्चचा विभाग, मिळाली की नॉर्वेच्या डिजिटालआर्किव्हेटवर मूळ पुस्तकं फुकट दिसतात. पॅरिश कळल्याशिवाय तिथे जाणं म्हणजे नुसता वेळ घालवणं.

मॅकिंटॉश, लोगन, एमन्स या काउंट्यांत बहुतेक घराणी रशियातून आलेल्या जर्मनांची. रशियाचा झार पहिला अलेक्झांडर याच्या काळात काळ्या समुद्राकाठी वसलेले हे शेतकरी १८७१ मध्ये त्यांच्या सवलती गेल्यावर आणि १८७४ मध्ये सक्तीची लष्करभरती आल्यावर निघाले. यांच्या शोधात गावांची नावं घात करतात. नॉर्थ डकोटात स्ट्रासबर्ग आहे, ओडेसाजवळ एक होतं आणि अल्सासमध्ये मूळचं आहेच. कुल्मचीही तीच गत: एक बेसारेबियात, एक डकोटात. 'स्ट्रासबर्गचा जन्म' एवढ्यावर फ्रान्समध्ये शोधणारे वर्षानुवर्षं भटकतात. लुथेरन असतील तर सेंट पीटर्सबर्ग कन्सिस्टरीच्या (चर्चच्या प्रशासकीय मंडळाच्या) १८३३ ते १८८५ च्या नोंदी, आणि इतर सामग्रीसाठी फार्गोच्या नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीतला जर्मन्स फ्रॉम रशिया संग्रह. सरहद्दीचंही भान ठेवा: मॅकिंटॉशमधले शेतकरी गहू विकायला साउथ डकोटातल्या युरेकाला जात, त्यामुळे बातम्या आणि दुकानांच्या वह्या तिकडे असू शकतात.

पेटंटच्या आधीचं पान

'पडीक, मोकळी जमीन' असं लिहून पहिला परिच्छेद उरकणारी घराण्यांची पुस्तकं ढिगाने आहेत. ती मोकळी नव्हती. रेड नदीचं खोरं १८६३ च्या ओल्ड क्रॉसिंगच्या कराराने ओजिब्वे या मूळनिवासी लोकांकडून गेलं. टर्टल माउंटनच्या ओजिब्वेंकडून सुमारे १ कोटी एकर १० लाख डॉलरला घेतले गेले, एकरी १० सेंट, तो १८९२ चा करार आणि त्यावर काँग्रेसची मोहोर १९०४ ची. डेव्हिल्स लेकजवळची राखीव जमीन १९०४ मध्ये आणि फोर्ट बर्थोल्डचा ईशान्य भाग १९१० च्या कायद्याने बाहेरच्यांसाठी खुला झाला. अशा ठिकाणी होमस्टेड फुकट नव्हतं, एकरी किंमत हप्त्याने भरावी लागे. तुमच्या फाइलीत अशा हप्त्यांच्या पावत्या असतील तर जमीन कोणाची होती हे तिथेच समजतं. शेत कोणत्या कराराच्या हद्दीत येतं ते एका ओळीत तरी तारखेसह लिहा.

शिवारात

बर्फ वितळल्यावर आणि गवत वाढण्याआधी, म्हणजे एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला जा. तेव्हा पाया दिसतो. नॉर्थ डकोटात सेक्शनच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ३३ फूट सार्वजनिक वाट असते, जिथे ती रीतसर बंद केलेली नाही तिथे. त्यापलीकडे मालकाची परवानगी हवी, आणि ती फोन करून मागितली तर सहसा मिळते. शरद ऋतूत शिकारीचा मोसम असतो, तेव्हा नारिंगी जाकीट घातल्याशिवाय उतरू नका. घर पडलं तरी लायलॅक आणि कॅरागाना या झुडपांच्या रांगा, रुबार्बचे गड्डे आणि शेतातून वेचलेल्या दगडांची रास टिकते. त्यांवरून अंगण कुठे होतं ते कळतं. जुन्या विहिरीवरच्या कुजक्या फळ्या गवतात दडलेल्या असतात, काठीने ठोकत चाला. जाण्याआधी १९३० च्या दशकाच्या अखेरीपासूनचे कृषी खात्याचे हवाई फोटो पाहून घ्या, इमारती त्यांत स्पष्ट दिसतात. दफनभूमीत मृत्यूची आणि दफनाची तारीख दोन-तीन महिन्यांनी वेगळी निघाली तर गोठलेली जमीन हे कारण आधी धरा.

माणसं १९१० मध्ये गायब झाली तर

ती बहुधा कॅनडात गेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डकोटातली पुष्कळ कुटुंबं सस्कॅचवान आणि अल्बर्टात सरकली. तिथे १८७२ चा डॉमिनियन लँड्स ॲक्ट: १० डॉलर शुल्क, १६० एकर, ३ वर्षं. पुरुषाला १८ वर्षं पुरत, अविवाहित स्त्रीला मात्र सहसा दावा करता येत नसे. चौकोन तसेच, पण सेक्शनची मोजणी आग्नेय कोपऱ्यातून सुरू होऊन वर जाते आणि ३६ ईशान्येला येतो. अमेरिकन तक्ता वापरलात तर सेक्शन १४ तुम्ही वरून तिसऱ्या ओळीत शोधाल, आणि तो असेल खालून तिसऱ्या ओळीत. शाळांचे सेक्शन ११ आणि २९, हडसन्स बे कंपनीचे ८ आणि २६. टाउनशिप १ अमेरिकेच्या सरहद्दीला, ४९ व्या अक्षांशाला लागून, आणि वर्णनात मध्यान्हरेषेचा क्रमांक नसेल तर ते निरुपयोगी. १९०६ आणि १९१६ च्या प्रेअरी प्रांतांच्या खानेसुमारीत कुटुंबापुढे जमिनीचं वर्णनच लिहिलेलं असतं. सस्कॅचवानच्या फाइली प्रांताच्या अभिलेखागारात आहेत.

लिहून काढताना प्रत्येक पावासाठी एक वेगळं पान ठेवा: वर्णन, पहिला दावा, पेटंट, गहाणं, वाटण्या, विक्री, प्रत्येक नोंदीपुढे पुस्तक आणि पान. ऐकीव गोष्टी वेगळ्या शाईत. हयात माणसांच्या जन्मतारखा गाळून एक प्रत काउंटीच्या इतिहास मंडळाला आणि एक बिस्मार्कला द्या.